रुईचे कुल आणि सह्याद्रीवरील कंदीलपुष्पे



रुई ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रातील खेड्यात सापडणे कठीण. शनिवारी मारुतीच्या गळ्यात तिच्या पानांची माळ पडते. काटा रुतल्यास तिचा चीक लावण्याची जुनी रीत आहे. आणि बोंडे उकलून रेशमी झुपक्याच्या ‘म्हाताऱ्या’ उडू लागल्या, की मुले त्यांच्यामागे धावतात. परंतु या नित्याच्या झुडपाचे फूल निरखून पाहणारे मात्र थोडेच असतात.

रुईच्या फुलात पुंकेसर व कुक्षी एकमेकांस जोडले जाऊन मधोमध एक पंचकोनी स्तंभ तयार झालेला असतो. त्यातील पराग पिठासारखा सुटा नसून मेणचट पिंडाच्या रूपाने असतो. शेजारच्या दोन परागकोशांतील एकेक पिंड एका सूक्ष्म चिमट्याने जोडलेला असतो. मधासाठी आलेल्या मोठ्या काळ्या भुंग्याचा पाय स्तंभावरील फटीत अडकला, की तो ओढून काढताना हा चिमटा त्याला बसतो आणि पिंडांची जोडी भुंग्याबरोबर दुसऱ्या फुलाकडे जाते. तेथे पिंड नेमका फटीत बसला तरच फळ धरते. झाडावर फुलांचे घोस असूनही बोंडे मोजकीच का दिसतात, याचा उलगडा यातून होतो. असे परागपिंड ऑर्किड वनस्पतींतही असतात. या दोन गटांतील फलधारणेचा अभ्यास करीत असतानाच 1831 साली रॉबर्ट ब्राऊन यांनी पेशीतील केंद्रकाचे वर्णन केले व त्याला नाव दिले. ही गोष्ट शाळेतील पेशीच्या पाठात सहसा सांगितली जात नाही.

याच ब्राऊन यांनी 1810 साली रुई व तिच्या आप्तांना कण्हेरीच्या म्हणजे करवीर कुलातून वेगळे काढून स्वतंत्र रुई कुल मानले. ही विभागणी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत टिकून राहिली. तथापि, अनंतमुळासारख्या वनस्पती या दोहोंच्या सीमेवर उभ्या होत्या. त्यांचा पराग पुरता पिंडरूपही नाही आणि पुरता सुटाही नाही. फुलांच्या रचनेबरोबरच आनुवंशिक द्रव्याचे पुरावे पुढे आल्यावर 2000 साली एन्ड्रेस व ब्रॉयन्स यांनी मांडलेल्या वर्गीकरणात रुई कुल पुन्हा करवीर कुलातच उपकुलांच्या रूपाने समाविष्ट झाले, आणि ते आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. शिक्षकांनी जुने पुस्तक टाकून देण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांना मात्र हा बदल सांगावयास हवा.

या परिवाराचे सर्वांत विस्मयकारक रूप पाहावयाचे तर पावसाळ्यात सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर जावे लागते. तेथे खरपुडी, हमण अशा नावांनी ओळखली जाणारी कंदीलपुष्पे उमलतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. 1753 साली लिनियस यांनी दिलेल्या या नावाचा अर्थ ‘मेणाचे कारंजे’ असा होतो. खाली फुगीर, मध्ये नळीसारखे व वर पाकळ्यांची टोके जुळून कंदिलासारखे झालेले हे फूल म्हणजे एक पिंजराच होय. वासाने आलेली बारीक माशी नळीत उतरते. आतील खाली वळलेले केस तिला परत येऊ देत नाहीत. काही काळाने केस सुकतात, फूल झुकते आणि परागपिंड घेऊन माशी सुटते.

भारतात या प्रजातीच्या पन्नासहून अधिक जाती असून त्यांतील निम्म्याहून अधिक जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. त्यांची नावे म्हणजे महाराष्ट्रातील वनस्पतिसंशोधनाची जणू वंशावळच आहे. एका जातीस मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी लॉ यांचे नाव आहे, एकीस फादर सांतापाव यांचे, तर एकीस पुण्याचे प्राध्यापक महाबळे यांचे. महसुली कामाच्या धबडग्यात वनस्पती गोळा करणारे अधिकारी त्या काळी होते, हे येथे सहज नमूद करण्याजोगे आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 1984 साली अन्सारी यांचा या प्रजातीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. नाशिकजवळील अंजनेरीच्या डोंगरावरील जातीला 2006 साली ‘अंजनेरिका’ हे नाव मिळाले. या संशोधनात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील प्राध्यापक श्रीरंग यादव यांचा वाटा होता. नामकरणाचे काम मात्र संपलेले नाही. 2017 साली ब्रॉयन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविलेल्या मांडणीनुसार माकडशिंगीसुद्धा सेरोपेजियातच मोडते. सर्व तज्ज्ञांना ते मान्य नाही.

ही ओळख कठीण असण्याचे एक कारण फुलातच आहे. वाळवून कागदावर दाबले की कंदिलाचा घाट मोडतो, आणि फूल नसताना अनेक जाती एकसारख्याच दिसतात. पाऊस सरला की वेल किंवा रोप वाळून जाते व जमिनीत केवळ कंद उरतो. उन्हाळ्यात पाहणीस गेलेल्या माणसाला तेथे वाळलेले गवत व कातळ यांवाचून काही दिसत नाही. दप्तरी त्या जागेची नोंद ‘पोटखराब’ किंवा ‘पडीक’ अशी असते. मग तेथे झाडे लावण्यासाठी खड्डे खणले जातात, खाण काढली जाते किंवा रस्ता नेला जातो. वृक्षारोपणाचा हेतू चांगला असला, तरी उघड्या गवताळ जमिनीवर वाढणाऱ्या या वनस्पतीस दाट सावली मानवत नाही. कंद खाण्याजोगा असल्याने गुराखी तो उकरतात, रानडुकरे व साळिंदरेही उकरतात. ही खाणी पूर्वापार चालत आलेली आहेत. परंतु जी जात दोन-चार डोंगरांपुरतीच उरली आहे, तिला खड्ड्यांची एक रांगही पुरेशी होते.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. पुष्कळ ठिकाणी या वहीत आंबा, वड, पिंपळ यांची यादी पुरी होते आणि डोंगरमाथ्याचे पान कोरे राहते. ते भरावयाचे असेल तर श्रावण-भाद्रपदात, गावातील गुराख्याला बरोबर घेऊन माथा पाहावा लागेल. त्या झाडाचे गावचे नाव, फुलण्याचा महिना व जमिनीचा गट क्रमांक एवढे लिहिले तरी, खड्डे कोठे खणू नयेत हे ग्रामसभेला ठरविता येते. विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शिक्षकांनी फूल तोडू देऊ नये व कंद उपटू देऊ नये. उमललेल्या फुलाचे बाजूने एक व समोरून एक, अशी दोन स्पष्ट छायाचित्रे घेऊन जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडे दाखवावीत.