रुमाल टाकलेली जागा

आमच्या महाळुंग्यात शेजारी एक तरुण राहतो. हिंजवडीला प्रोग्रॅमर आहे. त्याला मी माझं जुनं दुखणं सांगितलं. एका टंकनाच्या दुकानात सगळ्यांचं काम ‘टेम्प’ नावाच्या एकाच फाइलीत ठेवत. एके दिवशी माझ्या बारा कवितांच्या जागी कुणाची तरी लग्नपत्रिका निघाली!

तो म्हणाला, “चाचा, मोठमोठ्या प्रोग्रॅममध्येही हेच होतं.” प्रोग्रॅम अर्धं काम कच्च्या कागदासारखं तात्पुरत्या फाइलीत ठेवतो. लिनक्समध्ये त्यासाठी सर्वांना मिळून एकच फोल्डर असतो. प्रोग्रॅम आधी नाव मोकळं आहे का पाहतो, मग फाइल उघडतो. तेवढ्यात एखादा खोडसाळ त्याच नावाची वाट भलत्याच फाइलीकडे वळवून ठेवतो. लिहिलेलं तिकडे जातं, तिथलं मोलाचं पुसलं जातं.

एसटीत असंच नाही का? खिडकीतून रिकामी जागा दिसते, दारातून आत शिरेपर्यंत दुसराच बसलेला असतो. म्हणून आपण दिसताक्षणी रुमाल टाकतो. ‘एमकेएसटेम्प’ हेच करतं. अंदाज न येणारं नाव घेतं, ते नसेल तरच त्याच क्षणी फाइल बनवतं आणि वाचण्या-लिहिण्याचा हक्क फक्त मालकाला देतं. नुसतं अवघड नाव पुरत नाही. पायथॉन भाषेनंही 2003 साली, 2.3 आवृत्तीत, नुसतं नाव देणारी जुनी पद्धत असुरक्षित ठरवून ही आणली. काम संपल्यावर फाइल पुसायची, हे मात्र आपणच लक्षात ठेवायचं.

माझ्या बारांपैकी सात कविता मला आठवल्या. पाच गेल्या त्या गेल्याच.

(संपादित नभोवाणी भाषण)