कल्चर स्वच्छ, दुखणे कायम

लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा हे त्यावरचे घरगुती उपाय. उतार पडला नाही तर अँटिबायोटिकचा कोर्स. बहुतेकींचे एवढ्यावर भागते. काहींची उन्हाळी मात्र भर पावसाळ्यातही हटत नाही. कोर्सवर कोर्स होतात, कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि ओटीपोट दुखतच राहते. हा इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाचा चिवट, वेदनामय विकार. पुरुषांनाही तो होतो, पण स्त्रियांमध्ये बराच अधिक.

दुखण्याची चाल हीच त्याची पहिली खूण. जंतुसंसर्गात जळजळ मुख्यतः लघवी करताना होते. इथे मूत्राशय भरत जाईल तशी कळ वाढते आणि ते रिकामे झाले की थोडा वेळ बरे वाटते. निरोगी मूत्राशयात ४०० मिलिलिटरच्या आसपास लघवी मावते. अशा रुग्णाने मापाचे भांडे घेऊन तीन दिवस वहीत नोंद ठेवली, तर तासातासाला ७०, ९०, ६० असे आकडे उतरतात, रात्रीही चार-पाच वेळा. सातारा-सांगली एसटीचा प्रवास ती का टाळते, हे त्या वहीवरून घरच्यांना कळते. दहा महागड्या तपासण्यांपेक्षा ही वही कधी कधी अधिक बोलते.

या विकाराची एकच एक चाचणी नाही. त्रास सहा आठवड्यांहून जुना असावा आणि दुसरे कारण सापडू नये, असा अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांचा निकष आहे. म्हणून मुतखडा, एंडोमेट्रिओसिस आणि, लघवीतून रक्त जात असल्यास, कर्करोग आधी वगळावा लागतो. आपल्या भागात क्षय विसरून चालत नाही. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारावे लागले, ते उगाच नव्हे. मूत्रमार्गाच्या क्षयात लघवीत पू-पेशी दिसतात, पण नेहमीचे कल्चर कोरे येते आणि मूत्राशय आकसत जाते. त्यासाठी सलग तीन दिवस सकाळची पहिली लघवी क्षयाच्या खास तपासणीला द्यावी लागते.

पुढची पायरी दुर्बिणीची. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी १९१५ मध्ये मूत्राशयातील एका विशिष्ट व्रणाचे वर्णन केले. तो थोड्याच रुग्णांत आढळतो, पण आढळला तर जाळून किंवा तिथे स्टेरॉइड टोचून चांगला आराम देता येतो. भूल देऊन मूत्राशय फुगवल्यावर दिसणारे रक्ताचे बारीक ठिपके मात्र निरोगी माणसातही दिसतात. केवळ त्यांवरून निदान करणे चूक.

मूळ कारण पक्के ठाऊक नाही. मूत्राशयाच्या अस्तराचा संरक्षक थर विरळ होणे आणि वेदनेच्या नसा अतिसंवेदनशील होणे, या दोन गोष्टींकडे बोट दाखवले जाते. त्यामुळे उपचारही आराम देणारे आहेत, मुळासकट उपटणारे नाहीत. चहा, तिखट, लिंबू यांनी कळ वाढते का, हे प्रत्येकीने पडताळून पाहावे; उन्हाळीवर म्हणून घेतलेले लिंबू-सरबत इथे उलटू शकते. ओटीपोटाच्या आवळलेल्या स्नायूंना सैल करणारी फिजिओथेरपी उपयोगी पडते, ते आवळण्याचे व्यायाम नव्हेत. पोटातून घेण्याची अमिट्रिप्टिलिनसारखी औषधे असतात, मूत्राशयात नळीने सोडण्याचीही असतात. पेंटोसन हे या विकारावरचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचे २०१८ पासून नोंदले गेले आहे, तेव्हा डोळे तपासत राहावेत.

दवाखान्यात जाताना जुने ‘काही निघाले नाही’वाले रिपोर्ट घरी ठेवू नयेत. या दुखण्यात निदानाची सुरुवात त्यांच्यापासूनच होते.