अण्णांचं काळीज आणि माळवदाच्या बारा पायऱ्या

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

आजचा भाग मी नांदूरघाटच्या आमच्या घरून रेकॉर्ड करतोय. मागं कोंबडा ओरडला किंवा ट्रॅक्टर गेला तर सांभाळून घ्या.

आज विषय व्यायामाचा आहे, पण तुमच्या-माझ्या व्यायामाचा नाही. आपल्या आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या हृदयाचा. आणि कारण घरातलंच आहे.

माझे अण्णा आता 63 वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी गोठ्यात पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर झालं आणि तीन आठवडे अण्णा खाटेवर. हाड जुळलं, प्लास्टर निघालं. पण त्यानंतर माळवदावर जायच्या बारा पायऱ्या चढल्या की अण्णा धापा टाकायला लागले. हाच माणूस आधी ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन त्याच पायऱ्या चढायचा. मी म्हणालो, "अण्णा, वय झालं आता." अण्णा म्हणाले, "वय काय तीन आठवड्यात होतंय व्हय रं?"

मी गप्पच झालो. कारण प्रश्न एकदम बरोबर होता. आणि त्याचं उत्तर चक्क अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगात आहे.

1966 साली डॅलस शहरात वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. उठायचं नाही, चालायचं नाही. नंतर मोजलं तर त्यांचं शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकायचं, ती ताकद चौथ्या हिश्शाहून जास्त घटली होती. ही ताकद म्हणजे आपल्या दमाचं खरं माप. हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकतं आणि स्नायू त्यातून किती ऑक्सिजन काढून घेतात, या दोन्हींवर ती ठरते.

आता खरी गंमत ऐका. 1996 साली त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीत होते. पोट सुटलेलं, वजन वाढलेलं. त्यांची ताकद मोजली तर तीस वर्षांच्या वयानं जेवढी घट केली होती, त्याहून जास्त घट विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं केली होती! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. चालणं, हळू पळणं, सायकल. सहा महिन्यांनी ते विशीत, झोपण्याआधी, जिथं होते तिथं परत पोहोचले.

पाचच माणसं होती, हे लक्षात ठेवा. पण दिशा स्पष्ट आहे. ज्याला आपण "वय झालं" म्हणतो, त्यातलं बरंचसं "बसणं झालं" असतं.

म्हणजे वय काहीच करत नाही का? करतं की. वयाबरोबर हृदयाच्या ठोक्यांची वरची मर्यादा खाली येते. एक ढोबळ हिशोब आहे: 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करा. अण्णांचे साधारण 164 येतात. रक्तवाहिन्या जुन्या रबरी पाइपसारख्या ताठ होतात. म्हणून म्हाताऱ्या माणसांचा बीपीचा वरचा आकडा जास्त चढतो. हृदयाची भिंतही ताठ होते, त्यामुळं ते नीट सैल पडून रक्तानं भरत नाही. भरलंच कमी, तर फेकणार किती?

हा ताठपणा कमी होतो का? 2018 मध्ये डॅलसच्याच संशोधकांचा एक अभ्यास आला. 45 ते 64 वयाच्या, बैठं आयुष्य असलेल्या लोकांनी दोन वर्षं, आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम केला. त्यांची ऑक्सिजन वापरायची ताकद 18 टक्क्यांनी वाढली आणि हृदयाचा ताठपणा 25 टक्क्यांनी कमी झाला. याआधी सत्तरीच्या लोकांना वर्षभर व्यायाम दिला होता. त्यांचा दम सुधारला, पण हृदयाचा ताठपणा काही हटला नाही. म्हणजे सत्तरीतही फायदा आहेच, पण हृदय मऊ ठेवायचं असेल तर साठीच्या आत-बाहेर सुरुवात झालेली बरी. तुमचे आई-वडील पन्नाशीत असतील तर हा भाग नीट ऐका.

आता आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. "आम्ही आयुष्यभर रानात राबलो, आम्हाला कशाला व्यायाम?" आपल्या भागातल्या ऊसतोड करणाऱ्या माणसाला हे तोंडावर सांगायला मलाही जड जातं. पण दोन गोष्टी आहेत. एक, राबणं थांबलं की त्याचा फायदाही थांबतो. हृदय जुनी शिल्लक सांभाळून ठेवत नाही. रान बटईनं दिलं, दारात मोटारसायकल आली, की चालणं कुठं राहिलं? दुसरी गोष्ट, मोळी उचलणं आणि दमानं चालणं सारखं नाही. जड ओझं उचलताना श्वास रोखला जातो आणि बीपी एकदम वर जातं. दिवसभर राबायचं आणि विश्रांती नीट नाही, यानं शरीर झिजतं. दमानं चालताना पायांचे स्नायू लयीत हलतात, रक्त हृदयाकडं ढकलतात आणि हृदयाला भरायला वेळ मिळतो.

याचा पहिला मोठा पुरावा एका बसमधून आला. 1953 साली लंडनमध्ये डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापून आली. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना कमी. बस एकच, फरक फक्त बसण्या-चालण्याचा.

मग करायचं काय? मी अण्णांबरोबर जे केलं ते सांगतो. पण आधी आम्ही डॉक्टरांकडं गेलो. बीपी, साखर, ईसीजी बघितलं, गोळ्या विचारल्या. हे टाळू नका. बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुद्दाम कमी ठेवलेले असतात, तिथं तो 208 चा हिशोब चालत नाही.

सुरुवात दिवसाला दहा मिनिटांनी केली. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवलं. वेग किती? सोपी खूण आहे. चालताना बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग आरामात म्हणता येतोय, तर थोडं भराभर चला. बोलताही येत नाही, तर हळू व्हा. थांबायचं ते एकदम नाही, शेवटची पाच मिनिटं सावकाश चालायचं. एकदम थांबलं की रक्त पायात साचतं आणि चक्कर येते. आपल्याकडचं ऊन बघता सकाळीच उरकायचं. आणि चालायच्या आधी तंबाखूची चिमूट नाही! तंबाखूनं ठोके आणि बीपी दोन्ही वाढतात. यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता, तरी सांगतो.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. त्यासाठी खुर्ची पुरते. भिंतीला टेकलेली खुर्ची घ्या, हात छातीवर घ्या आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. 60 ते 64 वयात पुरुषाला 14 पेक्षा कमी, बाईला 12 पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीखाली. अण्णांना पहिल्या दिवशी नऊ जमले. मग तीच चाचणी आमचा व्यायाम झाली.

आणि फोनवरच्या दहा हजार पावलांचं टेन्शन देऊ नका. तो आकडा 1960 च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून पसरला. 2019 मध्ये वयस्क बायकांवरचा एक अभ्यास आला. दिवसाला साधारण 2700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि 7500 च्या पुढं फारसा फरक दिसला नाही.

तुम्ही सगळ्यांनी बारामतीच्या लता करे यांचा व्हिडिओ पाहिला असेल. साठी ओलांडलेल्या, नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून. 2020 मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात कामही त्यांनीच केलं. तो व्हिडिओ पाहून अंगावर काटा येतो. पण तो बघून घरच्या म्हाताऱ्या माणसाला उद्याच पळायला लावू नका. त्यांच्यावर ती वेळ नाइलाजानं आली होती.

या खुणा पाठ करा: चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप. हे "गॅस झाला" म्हणून सोडायचं नाही. चालणं थांबवा, 108 ला फोन लावा. बायकांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो.

आता अण्णांचं. सात महिने झाले. खुर्चीचे नऊचे पंधरा झालेत. माळवदावर जाऊन ते मला वरून हाक मारतात, मुद्दाम. आणि आता म्हणतात, "औंदा दिंडीत चालत जायाचं." आई नको म्हणते. मलाही धास्ती वाटते, खोटं कशाला बोलू? डॉक्टर म्हणाले, रोजचं थोडं अंतर चाला, बाकी गाडीत बसा. अण्णांना ते पटलेलं नाही. आमचं भांडण अजून चालू आहे.

पण वर्षापूर्वी आमचं भांडण अण्णांना खाटेवरून उठवण्यासाठी होतं. आता ते थांबत नाहीत म्हणून आहे. मला हे भांडण परवडतं.

तुमचं आजचं काम एकच. हा भाग ऐकून फोन खिशात ठेवा आणि घरातल्या मोठ्या माणसाला म्हणा, "चला, दहा मिनिटं जरा चालून येऊ." एकटं पाठवू नका, सोबत जा. ते चालताना बोलतील, आणि बोलता येतंय म्हणजे वेग बरोबर आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.