शेणखत, माती आणि आरोग्य



शेणखत हे जमिनीचे अन्न होय. परंतु ताज्या शेणाबरोबर ई. कोलायचे काही घातक प्रकारही शेतात उतरतात. कडक ऊन त्यांना मानवत नाही; ओलसर, थंड मातीत मात्र ते कित्येक आठवडे, प्रसंगी महिनोन्‌महिने तग धरतात. पुढचा प्रवास पाऊस घडवितो. मे २००० मध्ये कॅनडातील वॉकर्टन गावी मुसळधार पावसाने शेणखतातील जंतू एका उथळ विहिरीत नेले. पाण्यातील क्लोरीन अपुरे होते. सुमारे २३०० माणसे आजारी पडली, ७ दगावली. शेतकऱ्याने खत रीतीप्रमाणेच टाकले होते. चौकशीत त्याला दोष दिला गेला नाही.

ढीग वरखाली करून ५५ अंशांच्या उष्णतेत काही दिवस कुजविला, तर हे जंतू बहुतांशी मरतात. धनुर्वाताचे बीजाणू मात्र त्यालाही दाद देत नाहीत. ते मातीत वर्षानुवर्षे राहतात. भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन २०१५ मध्ये जाहीर झाले, ते लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. माती आहे तशीच आहे. म्हणून अनवाणी पायात रुतलेला काटा आम्ही डॉक्टर क्षुल्लक मानीत नाही. जखम साबणाने धुवावी आणि शेवटची लस कधी घेतली ते आठवून यावे, एवढीच विनंती.