शस्त्रक्रियेनंतरची सूज : पूरक उपचारांचा आधार

(इंदिरानगर, नाशिक येथील महिलांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्तनाचा कर्करोग हा भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग होय. वेळीच उपचार झाल्यास असंख्य स्त्रिया त्यातून बऱ्या होतात. परंतु रोग गेला तरी सुमारे पाचांत एकीच्या वाट्याला हाताची सूज येते. स्तन राखून शस्त्रक्रिया केलेली असल्यास कधी स्तनही सुजतो, जड होतो व त्याची त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते.

काखेतील लसीका ग्रंथी काढल्या किंवा किरणोपचाराने त्यांना इजा पोहोचली, म्हणजे लसीकेचा निचरा मंदावतो. पाट तुंबला की पाणी वाफ्यात साचते, तसाच हा प्रकार. ही सूज काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनीही उद्भवते. संकोचामुळे ती लपविली जाते आणि तेथेच नुकसान होते. कारण जुनी सूज कठीण बनते.

उपचारांची अंगे चार : त्वचेची निगा, हलके मर्दन, दाबपट्ट्या आणि व्यायाम. मर्दनाची पद्धत डेन्मार्कचे एमिल व्होडर यांनी १९३० च्या दशकात रूढ केली. तेल लावून रगडणे म्हणजे हे मर्दन नव्हे. ते तज्ज्ञाकडूनच शिकावे. स्तनावर पट्टी बांधणे अवघड असल्याने योग्य मापाची, दाब देणारी चोळी वापरतात. हवेच्या दाबाचे यंत्र, लवचीक चिकटपट्टी व मंद लेसर ही साधने पूरक होत. मूळ उपचारांची जागा ती घेऊ शकत नाहीत.

हाताला काम देऊच नये, हा समज आता मागे पडला आहे. २००९ साली अमेरिकेत १४१ स्त्रियांवरील अभ्यासात, देखरेखीखाली क्रमाक्रमाने वजन उचलल्याने सूज वाढली नाही; उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

नाशिक परिसरात द्राक्षबागेच्या छाटणीत कात्री लागणे नित्याचेच. अशा स्त्रीने हातमोजे घालावेत आणि जखम लगेच धुवावी. लाली, ताप वा एकाएकी वाढलेली सूज दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया व किरणोपचार यांचा अंतर्भाव आहे. रुग्णालयातून घरी परतताना भौतिकोपचारतज्ज्ञाचा सल्लाही प्रत्येकीने आवर्जून मागून घ्यावा. रोगावर मात केलेल्या स्त्रीचा हात पुन्हा कामाला लागला, तरच तिचे बरे होणे पूर्ण झाले असे म्हणता येईल.