वाद्यवृंदाचा सूत्रधार

पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात एखाद्या संगीत नाटकाचा प्रयोग चालू असता ऑर्गन व तबला वाजविणाऱ्यांकडे पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. त्या दोघांचीही दृष्टी गाणाऱ्या नटावर खिळलेली असते. तान कोठवर न्यावी, समेवर केव्हा यावे, ध्रुवपद पुन्हा केव्हा धरावे, हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर असते; साथीदारांनी त्याची मुद्रा पाहून ते ओळखावयाचे. प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहणारा आणि स्वतः एकही स्वर न काढणारा असा मनुष्य मराठी रंगभूमीला ठाऊक नाही. पाश्चात्त्य संगीतात मात्र असा मनुष्य असतो आणि सत्तर-ऐंशी वादकांचा मेळ त्याच्या हातातील बारीकशा छडीवर चालतो. हाच वाद्यवृंदाचा संचालक होय.

त्याची आवश्यकता त्या संगीताच्या रचनेतच आहे. तेथे एकाच वेळी अनेक स्वरावली चालतात. प्रत्येक वादकापुढे केवळ त्याच्या वाट्याचे स्वर लिहिलेले असतात. शेजारच्याने काय वाजवावयाचे हे त्याच्या कागदावर नसते. सर्वांचे स्वर एकाखाली एक मांडलेली संपूर्ण संहिता एकट्या संचालकापुढे असते. लय किती ठेवावी, कोणते वाद्य पुढे यावे, कोणी आवाज आवरावा, याचा निर्णय तो करतो आणि तालमीत तो वादकांच्या गळी उतरवितो. प्रयोगाच्या वेळी दिसणारे हातवारे म्हणजे त्या श्रमाचे केवळ शेवटचे टोक असते.

आता अडचण येते ती येथेच. गवयाने पहाटे तंबोरा घ्यावा आणि रियाज करावा. व्हायोलिन शिकणाऱ्याने दार लावून घ्यावे आणि गज चालवावा. परंतु ज्याचे वाद्यच ऐंशी माणसांचे आहे, त्याने रियाज कशावर करावयाचा? नवख्याच्या हाती वाद्यवृंद कोणी देत नाही, आणि वाद्यवृंद हाती आल्यावाचून त्याचा नवखेपणा जात नाही. हा पेच काही अंशी सोडविण्यासाठी युरोपात तरुण संचालकांच्या स्पर्धा निघाल्या. फ्रान्समधील बझांसाँ या गावी 1951 साली सुरू झालेली स्पर्धा त्यांत विशेष नावाजलेली आहे. जपानचे सेइजी ओझावा 1959 साली तेथेच पहिले आले आणि त्यांच्यापुढे पाश्चात्त्य जगाची दारे उघडली.

अशा स्पर्धेतील कसोटी मोठी कठीण असते. उमेदवारापुढे अनोळखी वाद्यवृंद बसविलेला असतो आणि वेळ मोजून दिलेला असतो. तेवढ्या अवधीत त्याने चुका हेराव्या, त्या थोडक्या शब्दांत सांगाव्या आणि वादन सुधारून दाखवावे. कधी वादकांच्या कागदांवर मुद्दाम चुकीचे स्वर घातलेले असतात. ऐन गलबल्यात कोणत्या वाद्याने कोणता स्वर चुकविला, हे त्याच्या कानाने पकडले पाहिजे. परीक्षक खाली बसून गुण देत असतात हे खरे. परंतु पहिले परीक्षक समोरचे वादकच. हा मनुष्य जाणता आहे की नुसता हात हालवितो आहे, हे त्यांना पहिल्या काही क्षणांतच कळते.

अशीच एक स्पर्धा 1958 साली इंग्लंडात लिव्हरपूल येथे झाली आणि तिच्यात मुंबईचा एक बावीस वर्षांचा पारशी तरुण पहिला आला. त्याचे नाव झुबीन मेहता. बक्षीस म्हणून त्यांना लिव्हरपूलच्या वाद्यवृंदात एक वर्षाची साहाय्यक संचालकाची जागा मिळाली. या स्पर्धेचे मर्म त्या बक्षिसात आहे. पदक कपाटात राहते. वर्षभर समोर बसणारा वाद्यवृंद मनुष्याला घडवितो. त्यानंतर ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याचे प्रसंगही त्यांना आले आणि त्या प्रसंगांना ते पुरे पडले. पुढे 1961 साली माँट्रियल आणि 1962 साली लॉस एंजलिस येथील वाद्यवृंदांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

तथापि या यशाचा उगम लिव्हरपुलात शोधणे चुकीचे होईल. झुबीन यांचे वडील मेहली मेहता यांनी 1935 साली मुंबईत सिम्फनी वाद्यवृंद उभा केला होता. झुबीन यांचा जन्म त्याच्या पुढच्याच वर्षीचा. घरात तालमी ऐकतच हा मुलगा वाढला आणि सोळाव्या वर्षी वडिलांच्या वाद्यवृंदाच्या तालमी घेऊ लागला. वैद्यकाचा अभ्यास सोडून 1954 साली तो व्हिएन्नास गेला, तेथे हान्स स्वारोव्स्की यांच्या हाताखाली शिकला आणि जोडीला डबल बास हे वाद्यही शिकला. ज्या गोष्टीसाठी इतर उमेदवार स्पर्धेच्या दारी येतात, ती त्याला घरातच लाभली होती.

त्याच 1958 साली मुंबईत दुसरा एक प्रयोग झाला. गोव्यातील माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस हे हिंदी चित्रपटांतील नामांकित व्हायोलिनवादक व वाद्यसंयोजक. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांचा संगम व्हावा, या ध्यासाने त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापिला. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्यासारखे कलावंत त्यात गायले. परंतु असा वाद्यवृंद पोसावयास द्रव्यबळ लागते आणि एकट्याच्या उमेदीवर तो फार काळ तगला नाही. गोन्साल्विस 1965 साली अमेरिकेस गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 च्या एका चित्रपटगीतात गुरूचे नाव गुंफले. ते नाव घरोघर पोहोचले. तो वाद्यवृंद मात्र लोकांच्या स्मरणातून गेला.

या दोन हकिकतींतून एकच बोध निघतो. स्पर्धा गुणी मनुष्य शोधून काढते. ती त्याला निर्माण करीत नाही. लिव्हरपूलच्या विजेत्याला द्यावयास लिव्हरपूलजवळ वाद्यवृंद होता. मुंबईत त्या वर्षी अशी स्पर्धा कोणी भरविली असती, तर विजेत्याच्या हाती हारतुऱ्यांखेरीज काय देता आले असते, हा प्रश्नच आहे.

आज परिस्थिती अगदीच तशी नाही. मेहली मेहता यांच्या नावाची संगीत-संस्था मुंबईत 1995 पासून मुलांना शिकवीत आली आहे आणि नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. पनवेलच्या स्थानकात लोकलमध्ये बसलेल्या मुलाला ते सभागृह आता दुर्गम राहिलेले नाही. तेथे जाऊन त्याने वाद्यवृंद ऐकावा हे उत्तमच. परंतु ऐकून श्रोता तयार होतो. संचालक व्हावयाचा तर केव्हातरी त्या चौथऱ्यावर चढावे लागते, हाताने चुकावे लागते आणि समोरच्या वादकांनी ती चूक सोसावी लागते. अशी सोशीक माणसे आणि त्यांचा पगार चालविणारे गाव, ही दोन जेथे मिळतील तेथेच वृंदसंचालक निपजेल. स्पर्धा त्यानंतरची.