ओळखीचे कोणी पाहील!

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय एच.आय.व्ही. आहे हे कळताच काही पालकांनी विचारले, "मुलांसमोर हे बोलायलाच हवे का?" आपण बोललो नाही, तर गल्लीच्या कोपऱ्यावर कोणीतरी अर्धवट बोलेल. तेव्हा स्पष्टच बोलतो.

भारतात १९८६ साली मद्रास येथे हा विषाणू प्रथम आढळला. तो पसरतो निरोधाशिवाय आलेल्या लैंगिक संबंधातून, दुसऱ्याने वापरलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एका हौदावर वुजू केल्याने, गळाभेटीने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही लागोपाठची स्टेशने. लोकलमध्ये रोज तेच चेहरे. म्हणून ज्याला शंका येते तो घराजवळचे केंद्र टाळून मुंबई गाठतो, नाहीतर तपासणीच टाळतो. "ओळखीचे कोणी पाहील!" या एका भीतीत वर्षे निघून जातात. तोवर विषाणू रोगप्रतिकारक शक्ती पोखरतो आणि मग क्षयरोगासारखे आजार गाठतात.

बंधूंनो, एक विचार करा. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीला ही तपासणी करून घेण्यास सांगतात. म्हणजे आपल्या कितीतरी लेकी-सुना ती करून आल्या आहेत. त्यांची अब्रू गेली काय? मग पुरुषांनीच तोंड का लपवावे? आईला संसर्ग असून उपचार झाले नाहीत, तर शंभरातील १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. वेळेवर औषध घेतले, तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. एका तपासणीचे मोल एवढे आहे.

सरकारी रुग्णालयांतील आय.सी.टी.सी. केंद्रांत तपासणी मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात आणि निकाल गुप्त ठेवतात. लागण नुकतीच झाली असेल तर पहिल्या तपासणीत ती कळत नाही. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. घराबाहेर पडण्याचे धाडस होत नसेल, तर १०९७ या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने ए.आर.टी. औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. त्यांनी विषाणू समूळ जात नाही, पण दबून राहतो. गोळी रोज न चुकता घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो. विषाणू रक्तात सापडणार नाही इतका दबला आणि दबलेला राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. मात्र बरे वाटले म्हणून गोळी सोडू नये.

स्थळ पाहताना आपण पगार विचारतो, घर विचारतो. निकाहापूर्वी मुलगा-मुलगी दोघांनीही आपखुशीने तपासणी करून घेतली, तर त्यात कमीपणा कसला?

शेवटी संस्थाचालकांना आणि शिक्षकांना एक विनंती. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संसर्गाच्या कारणाने मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. पण कायदा फक्त दार उघडू शकतो. त्या मुलाशेजारी बाकावर कोण बसणार, हे आपल्या घरांत ठरते. आज घरी गेल्यावर आपल्या मुलांना तेवढे सांगा.